माघातली नातवंडांची सहल : भिगवणचे रोहित की शेतावरचा हुरडा?

संक्रांत झाली की पुण्यातल्या आजी-आजोबांपुढे हा प्रश्न येतोच: थंडी पुरती सरण्याआधी नातवंडांना एक दिवस मोकळ्या हवेत न्यायचे, तर भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला न्यायचे की एखाद्या शेतावर हुरडा खायला? मागच्या हिवाळ्यात नऊ वर्षांची नात आणि पाच वर्षांचा नातू यांना घेऊन मी दोन्ही सहली केल्या. प्रत्येक घरची मुले वेगळी असतात, हे ध्यानात ठेवूनच माझे मत वाचावे.

भिगवणच्या देखण्या रूपाबद्दल दुमत नाही. उजनीच्या जलाशयाचे पाणी ओसरू लागले की उघड्या पडलेल्या चिखलात आणि उथळ पाण्यात रोहितांचे थवे उतरतात. कुंभारगावाहून नाव थोडी आत गेली की चित्रबलाक, राखी बगळे आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दिसू लागतात. रोहित चोच उलटी धरून चिखलपाण्यातून आपले अन्न गाळून घेतो, हे नातीने पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्ष पाहिल्यावर घरी येऊन तिने आरशासमोर तशी मान वळवून पाहिली. पहाटे साडेचारला निघण्याचा त्रासही एवढ्यासाठी सोसावा.

माझे मत बदलले ते नावेतल्या एका तासाने. नावाड्याने इंजिन बंद करून नाव बांबूने रेटत थव्याच्या दिशेने नेली आणि सर्वांना शांत बसायला सांगितले. त्यानंतर मी नातवाला "हलू नकोस", "हळू बोल", "हात आत घे" याखेरीज दुसरे काहीही बोललो नाही. शेवटी त्याला इतका आनंद झाला की तो ओरडला, आणि त्याच क्षणी सगळा थवा उठला. पंखांखालचा लाल-काळा रंग आकाशभर पसरला, तरी नावेतल्या इतरांचे चेहरे उतरले होते. परतताना तो मला बिलगून विचारत होता, "आजोबा, मी बोललो म्हणून ते गेले का?" त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्याला देता आले नाही. पाच वर्षांच्या मुलाने आनंद झाल्यावर ओरडू नये, अशी अपेक्षा ठेवणारी सहल त्या वयाला मानवत नाही, असे मला वाटते.

हुरड्याला आम्ही शिरूर तालुक्यात ओळखीच्यांच्या शेतावर गेलो होतो. तिथे कोणी कोणाला गप्प केले नाही. उलट, पाखरे राखायला माळ्यावर चढवून नातवाला मनसोक्त हाका घालायला सांगितले. आगटीतल्या निखाऱ्यांवर सुरती ज्वारीची कणसे भाजली जात होती. भाजलेले कणीस गोणपाटावर चोळायचे, हिरवे दाणे सुपात घ्यायचे आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा, ही कामे दोघांना वाटून दिली होती. नातवाच्या तळहातांना राख लागलेली, ओठांवर लसणाची चटणी आणि त्यावर गुळाचा खडा. इतका एकाग्र मी त्याला एरवी पाहिलेला नाही. कोंडा अंगाला खाजतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि मुलांना आगटीपाशी एकटे सोडू नये. हरभऱ्याचे घाटे, बोरे, ऊस हे ओघाने येतेच.

एक गोष्ट मात्र नमूद करायला हवी. तिकीट लावून चालणाऱ्या काही हुरडा केंद्रांवर ध्वनिवर्धक आणि पाळणे असतात, आणि हुरडा सोललेला, ताटात वाढलेला मिळतो. अशा ठिकाणी जायचे असेल तर भिगवणच बरे. ओळखीतले साधे शेत मिळत असेल, तर सात-आठ वर्षांखालच्या मुलांसाठी मी हुरड्याकडेच झुकेन.

वेळेचाही विचार करावा. दाणा चिकात असतो ते दिवस थोडेच. फेब्रुवारी सरत आला की ज्वारी कडक होते. रोहित मात्र मार्चमध्येही दिसतात. म्हणून यंदा हुरड्याला दोघांनाही नेणार आहे. नात भिगवणचा हट्ट धरून बसली आहे. तिला दुर्बीण देऊन मार्चच्या पहिल्या रविवारी एकटीला नेईन.