आठ महिने घरच्या नळाची बिअर: डेन्व्हरच्या उंचीवर आलेला अनुभव

मार्च महिन्यात मी डेन्व्हरच्या घराच्या तळघरात एका नळाचा केगरेटर, म्हणजे आत केग (बिअरचे धातूचे पिंप) मावेल असा लहान फ्रिज आणि त्याच्या माथ्यावर नळाचा खांब असलेले यंत्र, बसवले. आता नोव्हेंबर संपत आला असून सातवा केग सुरू आहे. पहिल्या दोन केगमधली जवळजवळ निम्मी बिअर फेस होऊन सिंकमध्ये गेली, हे आधीच सांगितलेले बरे.

जोडणी करायला दोन तास पुरले. पाच पौंडांचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, तिथून केगच्या तोंडावर बसणाऱ्या कपलरपर्यंत गॅसची नळी आणि कपलरपासून नळापर्यंत बिअरची नळी, एवढाच सारा पसारा आहे. कपलर मात्र बिअर ठरवून मगच घ्यावा. अमेरिकी बिअरच्या बहुतेक केगना ‘डी’ प्रकारचा लागतो, हायनेकेनला ‘एस’ आणि गिनेसला ‘यू’. शिवाय गिनेससाठी नायट्रोजनमिश्रित गॅस आणि निराळा नळ लागतो, म्हणून तो मोह मी टाळला. अर्ध्या बॅरलचा केग भरलेला असताना सुमारे 73 किलो भरतो आणि तो तळघराच्या जिन्यावरून उतरवणे माझ्या पाठीला परवडणारे नाही, त्यामुळे मी एक षष्ठांश बॅरलचा, साधारण साडेएकोणीस लिटरचा केग आणतो. काही वाया गेले नाही, तर त्यात सोळा औंसांचे एक्केचाळीस ग्लास भरतात.

खरी परीक्षा फेसाची होती. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत 38 अंश फॅरनहाइट तापमानाला 12 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे माप) दाब ठेवण्यास सांगितले होते आणि मी तो तसाच ठेवला. ग्लासात तीन चतुर्थांश फेस आला. दाब जास्त झाला असावा असे समजून मी तो 8 वर आणला आणि तिथेच चुकलो, कारण दाब कमी पडला की बिअरमध्ये विरघळलेला वायू नळीतच सुटू लागतो, त्यामुळे फेस आणखी वाढतो आणि आठवड्याभरात उरलेली बिअर निर्जीव होते. रेग्युलेटरचा काटा भोवतालच्या हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो आणि डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 5,280 फूट उंच असल्याने इथे हवेचाच दाब सुमारे अडीच पीएसआयने कमी आहे, हे लक्षात यायला मला दुसरा केग संपावा लागला. पुस्तिकेतले 12 म्हणजे आमच्याकडचे साडेचौदा. तेवढा दाब ठेवायचा, तर तो वाटेत खर्ची पडेल इतकी लांब नळीही हवी. विक्रेत्याने दिलेली नळी पाच फुटांची होती. त्याच 3/16 इंच आतील व्यासाची दहा फुटांची नळी बसवल्यावर बिअर शांतपणे उतरू लागली. इतक्या स्वस्त वस्तूत विक्रेत्याने हात आखडता का घेतला, हे कोडे आहे.

तरीही पहिला ग्लास थोडा फेसाळतोच, कारण वरचा खांब खोलीच्या उष्णतेने तापतो. आतली गार हवा खांबात सोडणारा लहान पंखा लावल्यावर हा त्रास बराच कमी झाला. नवा केग आणल्यावर तो किमान एक दिवस आत गार होऊ द्यावा आणि ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नये, कारण काचेवरच्या बर्फानेही फेस उसळतो.

पहिला सिलिंडर पंधरा दिवसांतच रिकामा झाला. आपल्याकडे स्वयंपाकाचा गॅस बदलल्यावर रेग्युलेटरला साबणाचे पाणी लावून पाहतात, तोच उपाय केला आणि कपलरजवळ वॉशरच बसवलेला नसल्याचे दिसले. सिलिंडरमध्ये किती गॅस उरला आहे हे काट्यावरून कळत नाही, कारण आतला द्रव संपेपर्यंत काटा जवळजवळ जागचा हलत नाही. वजन करणे हाच भरवशाचा मार्ग आहे. तळघर बंदिस्त असेल, तर अशी गळती केवळ खर्चाची बाब राहत नाही, म्हणून आम्ही तिथे कार्बन डायऑक्साइड मोजणारा गजर बसवला आहे.

नळीची सफाई हे काम मात्र मला मनापासून कंटाळवाणे वाटते. दर दोन आठवड्यांनी क्षारयुक्त द्रावण नळीतून फिरवून भरपूर पाण्याने धुवावे लागते. जुलैमध्ये मी महिनाभर टाळाटाळ केली आणि बिअरला लोण्यासारखा वास येऊ लागला. गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या घरी नळ बंद होता. विसर्जनानंतरचा पहिला ग्लास, म्हणजे एवढे दिवस नळीत उभी राहिलेली बिअर, ओतूनच द्यावा लागला.

पैसे वाचतील म्हणून कोणी हे घेणार असेल, तर त्याने घेऊ नये. बाटलीपेक्षा ग्लास स्वस्त पडतो हे खरे, पण यंत्र, नळी, पंखा, गॅस आणि सफाईची द्रावणे धरली, तर माझा हिशेब अजून जुळलेला नाही. शिवाय पाश्चरीकरण न केलेला केग दीड-दोन महिन्यांत संपवावा लागतो, म्हणजे प्यायला मंडळी हवीत. आमच्याकडे दर शनिवारी चार-पाच जण जमतात, म्हणून निभावते. केग परत करून अनामत रक्कम लगेच घ्यावी. माझे दोन रिकामे केग ऑगस्टपासून जिन्याखाली पडून आहेत.