निपलवाला जॉइंट क्रॉस: पिकअपसाठी घ्यावा का?

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा किंवा अशाच मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलकडे ताकद नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याच्या जॉइंटमधले चार टोकांचे तुकडे, दोन प्रकारचे मिळतात: ग्रीस निपल (बाहेरून ग्रीस भरायचं तोंड) असलेले आणि कायमचे सीलबंद. माल वाहणाऱ्या, चिखलापाण्यात जाणाऱ्या गाडीला आमचं मत निपलवाल्याच्या बाजूने आहे. अट एकच, आवाज खरंच क्रॉसचा असायला हवा. ‘नवीन क्रॉस टाकला, तरी आवाज तसाच’ ही क्रॉसच्या किटबद्दलची नेहमीची तक्रार. त्यात किट क्वचितच दोषी असतं.

म्हणून आधी आवाज ओळखा. संथ चालताना चिमणीसारखी चिरचिर येते आणि वेगाबरोबर तिचा ठेका वाढतो, तेव्हा क्रॉसच्या टोकांवरच्या कपांतल्या, बेअरिंगचं काम करणाऱ्या सुया कोरड्या पडलेल्या असतात. ग्रीस मारलं की ती काही दिवस थांबेलही, पण सुयांनी क्रॉसच्या टोकावर चर पाडले असतील तर ते ग्रीसने भरून येत नाहीत. पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकून क्लच सोडताना ‘खट्ट’ होतं, तेव्हा कुठेतरी ढिलाई आहे. मात्र ती क्रॉसमध्ये, स्लिप योकच्या (शाफ्टचा पुढे-मागे सरकणारा जोड) आट्यांत किंवा डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियन या दातेरी चाकांत, कुठेही असू शकते. ते ओळखायला सपाट जागा, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून उटी (अडवायला दगड किंवा ठोकळा), हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रल. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने फ्लँज (शाफ्ट डिफरन्शियलला बोल्टने जोडणारी चकती) धरून उलट दिशांना पिळा, मग वर-खाली हलवा. दोघांमध्ये डोळ्यांना दिसेल एवढी हालचाल असेल तर क्रॉस गेला. दोन्ही एकत्र थोडे फिरून डिफरन्शियलपाशी अडत असतील, तर ती दातांमधली ढिलाई. थोडी असायलाच हवी, ती शून्य करायला जाऊ नका.

भरल्या गाडीने उचल घेताना खालून थरथर येते, तेव्हा दोन तुकड्यांच्या शाफ्टवर पहिला संशय शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगच्या रबरावर घ्यावा. एक्सलरेटर दाबला-सोडला की ‘घूं’ बदलते, तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियन बेअरिंग बघा. वळणावर एका बाजूला भार गेला की घरघर वाढते, तर चाकाचं हब बेअरिंग. या तिन्हींवर क्रॉसचे पैसे वाया.

आणि ६० ते ८० च्या वेगात येणारी कंपनं? ती बहुधा बॅलन्सची किंवा फेजची, म्हणजे शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुहेरी कान) एकमेकांशी जुळत नसल्याची. टायरचा घेर २.१५ मीटर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ धरलं, तर ६० च्या वेगात शाफ्ट मिनिटाला सुमारे १९०० फेरे घेतो. तिथे शाफ्टवरची बॅलन्सची छोटी वजनपट्टी गळून पडलेली असली तरी जाणवतं. फेजची चूक जास्त फसवी. कोनात फिरणारा जॉइंट प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा घटवतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट ही चढउतार खोडतो, पण दोन्ही योक ठरलेल्या रेषेत असतील तरच. स्लिप योक काढून एक आटा पुढे बसवला, की कालपर्यंत गुळगुळीत चालणारी गाडी थरथरायला लागते. म्हणून शाफ्ट सोडवण्याआधी फ्लँज आणि स्लिप योक दोन्हींवर पंचाने खूण करा. खडूची खूण धुण्यात जाते.

किटमध्ये क्रॉस, चार कप, चार लॉक (कप जागेवर धरणाऱ्या कड्या) आणि निपल एवढंच येतं. दुकानातच व्हर्नियरने जुन्या कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांमधलं अंतर जुळवा. नाव एकच असलं तरी गाडीच्या वर्षाप्रमाणे माप बदलू शकतं. चारही कप उघडून सुया पूर्ण आहेत का बघा. एक कमी असली तर मधे फट दिसते. सीलची कड फाटलेली असेल तर किट परत.

बसवताना कप प्रेसने किंवा मोठ्या व्हाइसमध्ये दाबावेत. हातोड्याने ठोकलं की एखादी सुई आडवी होऊन कपाच्या तळाशी पडते, मग लॉक खाचेपर्यंत पोहोचत नाही. तिथे आणखी ठोकण्याची खोड गॅरेजात फार आहे. कप बाहेर काढा, सुई उभी करा. लॉक बसले की योकच्या कानांवर पितळी किंवा प्लास्टिकच्या हातोडीने हलके टोले द्या, म्हणजे कप मोकळे होतात. क्रॉस हाताने सगळ्या दिशांना अडखळल्याशिवाय फिरला पाहिजे. निपलचं तोंड ग्रीस गन पोहोचेल अशा बाजूला असल्याची खात्री आधीच करावी. बऱ्याच गाड्यांत ते उलटं असतं आणि मग निपल असून नसल्यासारखंच.

ग्रीस लिथियम ईपी (जास्त दाब सोसणारं), एनएलजीआय २ दर्जाचं; हा आकडा ग्रीसच्या घट्टपणाचा. हब बेअरिंगचं कडक ग्रीस सुयांपर्यंत नीट पोहोचत नाही. निपल पुसून हातगनने चारही कपांतून ग्रीस डोकावेपर्यंत भरा. एकातून येत नसेल तर शाफ्ट फिरवून पुन्हा मारा. हवेच्या गनने सील फुटू शकतं. प्रत्येक ऑइल बदलाला हे करावं, आणि पावसाळ्यात कोकणातल्या लाल चिखलातून किंवा ओढ्यातून गाडी गेली तर त्याआधीच.

उणीव सांगायलाच हवी: निपलसाठी क्रॉस आतून पोखरलेला असतो, त्यामुळे भरीव सीलबंद क्रॉसपेक्षा तो थोडा कमजोर. ग्रीस मारण्याची सवय नसलेल्या मालकाने सीलबंदच घ्यावा. निपलवाला कोरडा चालवला तर त्याचा काही उपयोग नाही.

दोन तुकड्यांच्या शाफ्टला साधारण तीन क्रॉस असतात. एकच गेला असला तरी शाफ्ट खाली आहे तोवर बाकीचे दोन फिरवून पाहा, आणि सेंटर बेअरिंगही. त्याचं रबर चिरलेलं असेल तर त्याच वेळी बदला. नवीन बेअरिंगचे ब्रॅकेट बोल्ट आधी ढिले ठेवून गाडी दोन-चार फूट ढकला, शाफ्ट आपली जागा घेईल; मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. फ्लँजला नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट असतील तर तेही नवीन घ्या.