यूएसबी माऊससाठीचा हिरवा पीएस-टू कनेक्टर : घेण्यापूर्वी माऊस तपासा

वडिलांच्या विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या संगणकाचे यूएसबी पोर्ट निकामी झाल्यामुळे, नवा यूएसबी माऊस मागच्या गोल, म्हणजे माऊस-कीबोर्डसाठीच्या जुन्या पद्धतीच्या पीएस-टू, पोर्टला जोडता यावा म्हणून मी हा हिरवा कनेक्टर विकत घेतला. वस्तू सुबक आहे, सहाही पिना सरळ आहेत आणि ती पोर्टमध्ये घट्ट बसते. मात्र माऊसखालचा लाल दिवा लागूनही पडद्यावरचा बाण जागचा हलला नाही.

दिवा लागला याचा अर्थ वीज पोहोचत होती, पण संवाद होत नव्हता. या कनेक्टरमध्ये चिप नसते, तो केवळ तारांना तारा जोडतो. त्यामुळे यूएसबी आणि पीएस-टू या दोन्ही पद्धती जाणणारा माऊसच त्यावर चालतो, आणि नेमकी हीच गोष्ट वेष्टनावर छापलेली नाही, हा मला त्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो. आयबीएमने १९८७ साली आणलेला हा गोल पोर्ट चालू संगणकात काढघाल करण्यासाठी बनवलेला नाही, म्हणून प्रत्येक वेळी संगणक पूर्ण बंद करूनच मी जोडणी केली आणि शेजारच्या जांभळ्या, म्हणजे कीबोर्डच्या, पोर्टशी गल्लत झालेली नाही हेही पाहिले. अखेर कपाटातला जुना माऊस काढला, ज्याच्या खोक्यातच असा कनेक्टर आला होता. तो या नव्या कनेक्टरवर पहिल्याच खेपेला चालला.

तसा माऊस घरात असेल तरच हा कनेक्टर घ्यावा, अन्यथा थेट गोल पिनेचा, म्हणजे पीएस-टू, माऊस घेणे उत्तम. पाचपैकी तीन तारे.