ड्युअलसेन्सचं व्हायब्रेशन: कानाचं मशीन काढून खेळून पाहिलं

सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) या गेम कन्सोलचा ड्युअलसेन्स कंट्रोलर घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुम्हाला गेममधलं ऐकू किती येतं? नीट येत असेल तर याचं व्हायब्रेशन तुमच्यासाठी जास्तीची मजा आहे. माझ्यासारखं कमी येत असेल तर पैसे साठवा आणि घ्याच.

माझी उमेदीची सगळी वर्षं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गेली. धोट्याचे माग, म्हणजे आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावतो ते. एका शेडमधले सगळे माग एकदम चालू झाले की आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. अशा आवाजाने कान जातो तो वरच्या पट्टीकडून. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढला की ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ खाली घसरलेली दिसते, माझीही तशीच आहे. म्हणजे स्फोट ऐकू येतो, इंजिन ऐकू येतं. जातं ते बारीक सगळं: पावलांची चाहूल, बंदूक रिकामी झाल्याची टिक, काचेवर पडलेला खडा. गेममध्ये जीव वाचतो तो याच आवाजांवर. हेडफोन लावावा तर कानाचं मशीन त्याखाली शिट्टी मारायला लागतं.

पुतण्याने पीएस५ घेतला तेव्हा तोच म्हणाला, "काका, आवाजाचं सोडा, हातात धरून तर बघा की." त्याच्याबरोबर ॲस्ट्रोज प्लेरूम लावला. हा गेम पीएस५ मध्ये आधीपासूनच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. मला खरं काय ते बघायचं होतं, म्हणून टीव्ही म्यूट केला, सेटिंगमध्ये जाऊन कंट्रोलरच्या आतल्या स्पीकरचा आवाजही शून्यावर आणला (तो स्पीकर पावलांचे आवाज काढतो, त्यामुळे हाताला कळलं की कानाला, याचा घोटाळा होतो) आणि मशीन काढून ठेवलं.

तो छोटा रोबो वाळूत चालला तर तळहातात खरखर, तीही मऊ, रुतणारी. काचेवर गेला तर टकटक, सुटी, कोरडी. धातूच्या पत्र्यावर तीच टकटक जरा जड, मागे किंचित घुमणारी. बर्फावर तो घसरला तेव्हा पावलं थांबली आणि एक लांब गुळगुळीत सरक हातातून गेली. पाऊस लागला तेव्हा मी खेळायचं थांबवलं. थेंब वेगवेगळे पडत होते, डाव्या हातात एक, उजव्यात दोन, परत डाव्यात. पत्र्यावरच्या पावसाचा बारीक ताशा मला बऱ्याच वर्षांत ऐकू आलेला नाही. इथे तो हातात होता. पुतण्याला म्हटलं, थांब रे, अजून थोडं पडू दे.

हे जमतं कसं ते सांगतो, कारण दुकानदार सगळ्याच कंट्रोलरला 'व्हायब्रेशनवाला' म्हणतात. जुन्या पद्धतीत छोट्या मोटरच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेलं वजन बसवतात, मोटर फिरली की कंट्रोलर हलतो. १९९७ साली निन्टेन्डो ६४ या कन्सोलच्या कंट्रोलरला लावायचा, थरथर देणारा रंबल पॅक आला, त्याच वर्षी जपानात सोनीचा ड्युअलशॉक. ड्युअलशॉकमध्ये अशा दोन मोटर होत्या, एक मोठी आणि एक लहान. या मोटरची अडचण अशी की जोर वाढवायचा तर वेग वाढवावा लागतो, हलकी पण जलद थरथर तिला देताच येत नाही. शिवाय फिरायला लागायला आणि थांबायला वेळ घेते, त्यामुळे टिचकी म्हणून जे यायला हवं ते गुरगुर होऊन येतं. माझ्याकडे आधी एक स्वस्तातला पीसी कंट्रोलर होता. गोळी लागली, भिंत पडली, दार उघडलं, सगळ्याला तीच गुरगुर. शेवटी मी ती बंदच करून टाकली होती.

२०२० साली आलेल्या ड्युअलसेन्समध्ये फिरणारं वजन नाही. दोन्ही मुठींत एकेक व्हॉइस कॉइल आहे, म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं, स्पीकरच्या पडद्यामागे असतं तेच. त्याला विजेची जशी लाट द्याल तसंच ते हलतं. जोर वेगळा, वेग वेगळा, सुरू झालं की लगेच सुरू आणि थांबलं की लगेच थांबलं. केबलने पीसीला जोडलात तर विंडोजला हा कंट्रोलर चार चॅनेलचं साउंड कार्ड म्हणून दिसतो, त्यातले दोन चॅनेल आवाजाचे आणि दोन थरथरीचे. म्हणजे गेम बनवणारे इथे खरोखर आवाज पाठवतात, फक्त कानाऐवजी हाताला.

हे मला ओळखीचं वाटलं. चांगला जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारा माणूस, चालत्या मागाच्या फ्रेमवर हात ठेवतो आणि धोटा पेटीत पुरता बसतोय की अर्ध्यात अडकतोय हे सांगतो. शेडच्या आवाजात ते ऐकू येणं शक्यच नसतं, हातालाच कळतं. तळहाताच्या कातडीखाली पॅसिनियन कॉर्पसल म्हणून बारीक ग्राहक असतात, २०० ते ३०० हर्ट्झच्या थरथरीला ते सगळ्यात तल्लख असतात. जुन्या मोटरने त्यांना कधी नेमकं काही सांगितलंच नाही.

ट्रिगर हा दुसरा भाग. एल२ आणि आर२ या, तर्जनीने दाबायच्या डाव्या-उजव्या बटणांच्या मागे छोटी मोटर आणि गिअर आहेत, गेम सांगेल तिथे बटण जड होतं. रिटर्नल या गेममध्ये एल२ अर्धं दाबलं की नेम धरला जातो, तिथे बोटाला अडथळा लागतो. तो ओलांडून पूर्ण दाबलं की दुसरं हत्यार चालतं. एका बटणाची दोन कामं, आणि कुठलं चालू आहे ते बोटालाच कळतं. ग्रान तुरिस्मो ७ या गाड्यांच्या गेममध्ये ब्रेक फार दाबला की एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची) धडधड एल२ खालच्या बोटात येते. डावं चाक कडेच्या पट्ट्यावर गेलं तर डाव्या मुठीत कळतं. टायर किंचाळतो म्हणे. मला ती किंचाळी ऐकू येत नाही, तरी वळणावर गाडी आता माझी जागेवर राहते. एक्सबॉक्सनेही २०१३ पासून ट्रिगरमध्ये मोटर दिल्या आहेत, पण त्या फिरणाऱ्या वजनाच्याच. हादरा छान देतात, बारकावा देत नाहीत.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट द लास्ट ऑफ अस पार्ट १ या गेमच्या पीएस५ आवृत्तीत सापडली. २०२२ च्या या आवृत्तीत, अपंगांसाठीच्या सेटिंगमध्ये, पात्रांचं बोलणं कंट्रोलरच्या थरथरीत उमटवायची सोय आहे. शब्द हाताला कळत नाहीत, त्यासाठी खाली सबटायटल वाचायचं. पण वाक्य हळू म्हटलं की तोडून, कुठे आवाज चढला, कुठे बोलता बोलता अडकला, हे तळहातात येतं. बोलण्याचा मूळ सूर पुरुषांत साधारण १०० आणि बायकांत २०० हर्ट्झच्या आसपास असतो, हाताच्या अगदी आवाक्यातला. सबटायटल वाचून मला नेहमी वाटायचं की सगळी माणसं एकाच सुरात बोलतात. इथे बाप मुलीशी बोलतो तेव्हा त्याचा आवाज खाली येतो हे मला समजलं. ज्यांनी ही सोय केली त्यांचे मी मनापासून आभार मानतो, आणि प्रत्येक गेममध्ये ती असावी असं माझं ठाम मत आहे.

आता उणं काय ते. सगळे गेम हे वापरत नाहीत. पीएस४ काळातले गेम यावर जुनीच गुरगुर देतात, आणि दोन-तीन कंपन्यांच्या कन्सोलवर एकदम येणाऱ्या गेममध्येही बरेचदा काम उरकलेलं असतं. पीसीवर आधार असलेले गेमसुद्धा बहुतेक केबल लावल्यावरच खरी थरथर देतात, ब्लूटूथवर नाही. लांब केबल घ्या. आतली बॅटरी १५६० एमएएचची आहे, थरथर आणि ट्रिगर दोन्ही पूर्ण ताकदीवर ठेवले तर ती लवकर उतरणारच. ट्रिगर मी मध्यमवर ठेवतो, नाहीतर बोटं दुखतात. थरथर मात्र पूर्ण ताकदीवर. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत हात घामाने निथळतात आणि ओल्या हाताला बारकावे कमी कळतात, जवळ पंचा ठेवा. मुठींच्या खालच्या बाजूला त्रिकोण-गोल-फुली-चौकोनाच्या अगदी बारीक नक्षीचा खरखरीतपणा आहे, त्याने पकड सुटत नाही.

भारतात तो आला तेव्हा किंमत ५,९९० रुपये होती, नुसत्या कंट्रोलरची. आपल्या गावात ही रक्कम मोठी आहे, म्हणून नकली माल येतो. नवी पेठेतल्या एका दुकानात मला हुबेहूब दिसणारा, जवळपास निम्म्या किमतीचा दाखवला आणि 'सेमच आहे' म्हणाले. त्यात फिरणारी मोटर होती, उचलून हलवलं तेव्हाच आतलं वजन हाताला लागलं. बाहेरून बघून काही कळत नाही. पीएस५ ला जोडून दाखवा म्हणा, ॲस्ट्रोज प्लेरूम लावा, टीव्हीचा आवाज बंद करायला सांगा आणि रोबोला वाळूतून काचेवर न्या. फरक हाताला लगेच कळला नाही तर पैसे देऊ नका. जोडून दाखवायला तयारच नसतील तर दुसरं दुकान बघा. बिल घ्या, आणि त्यावर मॉडेलचं नाव लिहून घ्या.