आयुका बघायला जाताय? मग पुलस्त्य चुकवू नका

पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे हे बहुतेकांना माहीत असतं, पण 'तिथे आपल्याला काय कळणार' म्हणून कुणी आत जात नाही. जा राव. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सगळ्यांना प्रवेश असतो, फक्त त्या दिवशी गर्दी तुफान, शाळांच्या शाळा येतात, त्यामुळे शांतपणे बघायचंय म्हणणाऱ्यांनी आधी चौकशी करून वेगळा दिवस गाठावा.

आधी इमारतच बघा. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांचं डिझाइन. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन असे चौघांचे पुतळे, पोरं त्यांच्याशेजारी बसून फोटो काढतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा फूकोचा लंबकसुद्धा आहे, पण त्याच्यापुढे पाच मिनिटं उभं राहून 'फिरत तर नाहीये' म्हणू नका, पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा पूर्ण एक फेरी फिरायला साधारण ७५ तास लागतात.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर १९८८ साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ही संस्था काढली, यशपाल तेव्हा यूजीसीचे अध्यक्ष होते आणि पहिले संचालक जयंत नारळीकर. कल्पना साधी पण भारी, प्रत्येक विद्यापीठाला मोठी लायब्ररी, कॉम्प्युटर, दुर्बीण परवडणार नाही, मग सगळ्यांची मिळून एकच चांगली जागा करायची आणि कुठल्याही कॉलेजातल्या प्राध्यापकाने सुट्टीत इथे येऊन राहायचं, काम करायचं, परत जाऊन पोरांना शिकवायचं. आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय यानावरची, सूर्याचे अतिनील फोटो काढणारी सूट नावाची दुर्बीण याच आयुकाच्या पुढाकाराने झाली, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अवकाशात गेली ती.

पण मला सगळ्यात आवडली ती पुलस्त्य. मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ही इमारत पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून उभी राहिली. पुलस्त्य हा सप्तर्षींमधला तारा, त्यात पु.ल. आपोआप आले, देणगीदाराचं नाव द्यायची याहून चांगली पद्धत मी तरी बघितली नाही. नाहीतर एरवी पंख्यावरसुद्धा कुणाच्या तरी स्मरणार्थ लिहिलेलं असतं.

आणि त्या पैशाचं काय झालं हे बघायला अहवाल वाचायची गरज नाही. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं इथे बसून टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून पोरांना कळतं की चौकोन डुगडुगतो पण त्रिकोण जागचा हलत नाही, पुलाला त्रिकोण का असतात ते मग वेगळं शिकवावं लागत नाही. बॅटरी, चुंबक आणि तारेची मोटर तर घरी करता येते. त्यांचे व्हिडिओ मराठीतसुद्धा आहेत आणि फुकट, म्हणजे ती देणगी पुण्यात कधी पाऊल न ठेवलेल्या पोरांपर्यंतही गेली.

एक लक्षात ठेवा, हे बटणं दाबायचं, लायटिंगवालं सायन्स पार्क नाही. तशी अपेक्षा ठेवून गेलात तर पोरं अर्ध्या तासात कंटाळतील. हाताने काहीतरी करायची आवड असेल तर मात्र तुम्हालाच त्यांना ओढून बाहेर काढावं लागेल. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गर्दीसाठी कापला.