पिस्टन बदलले नाहीत, बिल मात्र बदलल्याचे

न बदललेल्या पिस्टनचे आणि न केलेल्या बोरिंगचे (सिलिंडर आतून कापून रुंद करण्याचे) मिळून 18,500 रुपये माझ्याकडून घेण्यात आले. ते कसे घेतले गेले, हे तपशिलाने लिहीत आहे, कारण जुने आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे, इंजिन बाळगणाऱ्या कोणावरही ही पाळी येऊ शकते.

इंजिन यामाहाचे, 15 हॉर्सपॉवरचे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक असून मनोरीच्या खाडीत आमच्या छोट्या होडीला लावलेले असते. प्लग साफ करणे, गिअर ऑइल बदलणे, पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर बदलणे ही कामे मी घरीच करतो. जुलैअखेर पावसाळी मासेमारी बंदी संपते आणि नारळी पौर्णिमा तोंडावर येते, तेव्हा सगळ्यांचीच इंजिने एकदम दुरुस्तीला निघतात. नेमके त्याच वेळी आमचे इंजिन तापू लागले. थोडे अंतर गेले की जोर कमी व्हायचा आणि बाजूच्या नळीतून पडणारी पाण्याची धार करंगळीएवढीही राहिली नव्हती. घाई असल्यामुळे ते किनाऱ्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये दिले.

मिस्त्रींनी माझ्यासमोर प्लग काढून सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला, दोरी दोनदा ओढली आणि काटा 60 पौंडांच्या आसपास थांबलेला दाखवला. “काका, दोन्ही पिस्टन गेले. बोअर करून ओव्हरसाइज टाकावे लागतील, नाहीतर भर समुद्रात बंद पडेल,” असे ते म्हणाले. चार दिवसांनी इंजिन परत मिळाले. बिलावर 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन, रिंगा, बोरिंग आणि मजुरी असे लिहिले होते आणि सोबत पिशवीत ओरखडे पडलेले दोन ‘जुने’ पिस्टनही दिले होते.

पहिल्याच फेरीत इंजिन पुन्हा तसेच तापले. घरी हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उघडले तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड, टणक थर होता. एका फेरीत इतका थर बसत नाही. तो खरवडल्यावर ओव्हरसाइज पिस्टनवर असते तशी मापाची खूण कुठेच दिसली नाही. व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) लावला तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळचाच, 56 मिलिमीटरचा निघाला, 0.50 चे काम झाले असते तर तो 56.5 भरला असता. पिशवीतल्या पिस्टनचा व्यास 60 मिलिमीटर होता. 60 चा पिस्टन 56 च्या सिलिंडरमध्ये इतकी वर्षे कसा धावला असेल, हे त्या मिस्त्रींनाच ठाऊक!

खरा दोष निराळाच होता. थर्मोस्टॅटवर (इंजिन गरम झाले की उघडून पाण्याला वाट देणाऱ्या झडपेवर) आणि त्यामागच्या पाण्याच्या वाटेत मिठाचा पांढरा, दगडासारखा थर बसला होता आणि उकळत्या पाण्यात टाकूनही तो थर्मोस्टॅट उघडला नाही. नवा थर्मोस्टॅट, नवी गॅसकेट आणि पाण्याच्या वाटांची सफाई एवढ्यावर इंजिन ठीक झाले.

त्यानंतर गेजचे कोडे सुटले. कॉम्प्रेशन पाहताना दोन्ही प्लग काढून, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची असते. थ्रॉटल बंद असेल तर हवाच पुरेशी आत जात नाही, आणि दोरी दोनदाच ओढली तर काटा अर्ध्या वाटेवर राहतो. मी घरी योग्य रीतीने मोजले तेव्हा दोन्ही सिलिंडर 110 च्या आसपास आले. थ्रॉटल बंद ठेवून दोनदाच दोरी ओढली तेव्हा काटा पुन्हा 60 ते 65 वर येऊन थांबला. तसे पाहता आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक अधिक बोलका असतो, आणि दोन्ही पिस्टन अगदी सारखेच झिजले आहेत असे कोणी सांगितले तर तिथेच शंका घ्यावी.

इंजिन दुरुस्तीला देण्यापूर्वी हेडच्या बोल्टवर नेलपॉलिशचा ठिपका लावून फोटो काढून ठेवावा. बोल्ट फिरला की ठिपका तुटतो. बोरिंग सांगितले असेल तर ब्लॉक कोणत्या लेथवर गेला ते विचारून तिथे स्वतः माप पाहावे. बिलावर भागांचे क्रमांक आणि जीएसटी क्रमांक लिहून घ्यावा. जुने भाग परत मागावेत, मात्र ते आपल्याच इंजिनाचे आहेत का, हे दुकानातच व्हर्नियरने तपासावे. ज्यांना हे आवडत नाही, त्यांच्याकडे इंजिन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. मी मापांचे फोटो, बिल आणि ते 60 मिलिमीटरचे पिस्टन यांच्या आधारे वर्कशॉपला लेखी नोटीस पाठवली. पिस्टन आणि रिंगांचे पैसे परत मिळाले. बोरिंगचे आणि मजुरीचे अजून मिळालेले नाहीत आणि त्यांच्यासाठी आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे.