आठ महिने, एक मॉनिटर आणि हळदीचा पिवळा

गेल्या आठवड्यात मॉनिटरचं पॅनेल वॉरंटीत बदलून मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी पडद्यावरचा राखाडी रंग गुलाबी दिसायला लागला, म्हणून हे लिहायला बसलोय. कंपनीचं नाव घेत नाही. २७ इंची, आयपीएस पडदा, डीसीआय-पी३ (रंगांचा एक मोठा संच) ९५ टक्के. बाकीचं सगळं खोक्यावर असतंच.

माझा सांगलीत डीटीपीचा धंदा आहे. लग्नपत्रिका, बेदाण्याचे बॉक्स आणि मुख्य म्हणजे हळद पावडरची पाकिटं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून प्रत्येक शेठला पाकिटावर 'अस्सल' पिवळा हवा असतो. मॉनिटर आल्यावरचं पहिलं मोठं काम हेच. पडद्यावर पिवळा इतका लालसर आणि भडक दिसत होता की मी मजेंटा, म्हणजे छपाईची गुलाबी शाई, ३० टक्क्यांवरून १५ वर आणला. मग छान दिसला. छापून आलं तेव्हा शेठ पाकीट उन्हात धरून म्हणाले, "अण्णा, ही हळद न्हवं, हे लिंबाचं सरबत हाय." दोन हजार पाकिटं. कागदाचे पैसे माझ्या खिशातून गेले.

पुढचे तीन महिने मी भेटेल त्याला सांगत होतो की मॉनिटर फसवा आहे. ते माझं चुकलं. मॉनिटर रुंद गॅमटचा, म्हणजे साध्या पडद्यापेक्षा जास्त भडक रंग दाखवू शकणारा. विंडोजला प्रोफाइल (हा पडदा रंग कसे दाखवतो हे सांगणारी फाइल) दिलेलं नसेल तर ते समोरचा पडदा एसआरजीबीचा, म्हणजे नेहमीच्या कमी रंगांचा आहे असं धरून चालतं, आणि रंगांचे तेच आकडे या पडद्यावर जास्त भडक उमटतात. मी पडद्यावरचा भडकपणा कमी करत बसलो आणि छपाईतली हळद फिकी होत गेली.

मिरजेच्या एका फोटोग्राफर मित्राकडून कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून प्रोफाइल बनवायचं यंत्र) दिवसाला ५०० रुपये भाड्याने आणला. विकत घ्यायचा तर मॉनिटरच्या निम्म्या किमतीला जातो, तेवढं माझं मन मोठं नाही. मॉनिटर अर्धा तास तापवून घेतला, पांढरा ६५०० केल्व्हिनचा, गॅमा (मधल्या छटांचा उजेड) २.२, पडद्याचा उजेड १२० निट्स असं ठरवलं. आयसीसी फाइल, म्हणजेच प्रोफाइल, तयार झाली. विंडोजमधल्या कंट्रोल पॅनेलच्या कलर मॅनेजमेंटमध्ये ती लावली आणि काहीच फरक पडला नाही. दीड तास गेला. शेवटी कळलं, वरच्या यादीत लॅपटॉपचाच पडदा निवडलेला होता. तिथं 'आयडेंटिफाय मॉनिटर्स' नावाचं बटण आहे, दाबलं की पडद्यावर मोठे आकडे येतात. आधी ते दाबा. मग 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस' वर टिक, प्रोफाइल अ‍ॅड, डीफॉल्ट करा, आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर ते जुन्याच प्रोफाइलवर चालत राहतं.

त्यानंतर फोटोशॉप आणि कोरलमधला पिवळा पाकिटाशी जुळला. डेस्कटॉपचा वॉलपेपर मात्र भडकच राहतो, कारण प्रोफाइल वाचणारी सॉफ्टवेअरं निराळी आणि न वाचणारी निराळी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर लिंबू सरबत वाचलं असतं.

आता खरी तक्रार. मॉनिटरमध्ये एसआरजीबी मोड दिलाय. तो लावला की प्रोफाइलचा बराच घोळ टळतो, रंग आपोआप ताब्यात येतात. पण तो लावताक्षणी ब्राइटनेसची पट्टी राखाडी होते आणि बटण कितीही दाबा, हलत नाही! माझं दुकान गल्लीत, दुपारी शटर उघडं, संध्याकाळी दोन ट्यूबलाइट. बंद पट्टीचा तो उजेड रात्री आठला डोळ्यात टॉर्च मारल्यासारखा लागतो. पाचशे रुपयांच्या टेबल लॅम्पला उजेड कमी-जास्त करता येतो आणि इथं येत नाही. सर्व्हिसवाल्यांना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उत्तर एकच, "सर, ते डिझाइनच तसं आहे." मग कस्टम मोडमध्ये ब्राइटनेस २८ वर ठेवून सगळं काम आयसीसीवर सोडलं. चाललं होतं ठीक.

सातव्या महिन्यात उजव्या बाजूला उभी हिरवी रेघ आली. १९ दिवस पाठपुरावा केल्यावर कोल्हापूरहून माणूस आला, २० मिनिटांत पॅनेल बदलून गेला, कामाचा हात चांगला होता. आणि मग तो गुलाबी राखाडी. मी पुन्हा शिव्या घालायला फोन उचलला होता. तेवढ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, प्रोफाइल जुन्या पॅनेलचं आहे ना?" बरोबर. प्रोफाइल मॉडेलचं नसतं, त्या एका पॅनेलचं असतं. जुन्याची हिरवट झाक मारायला केलेली दुरुस्ती आता नव्या पॅनेलवर उलटी पडत होती. प्रोफाइल काढून टाकलं, राखाडी सरळ झाला.

म्हणजे पुन्हा ५०० रुपये भाडं. ते मी सर्व्हिसकडे लेखी मागितलेत, अजून उत्तर नाही. नवं प्रोफाइल रविवारी केलं, राजापुरी हळदीची पुडी शेजारी ठेवून पाहिलं, पिवळा बसला. मॉनिटरच्या पाठीला आता चिकटपट्टी लावलीय: 'प्रोफाइल रविवारी, ब्राइटनेस २८, हात लावू नये.' काल पाहिलं तर ३५ होता.